खालची ओल

पावसाचा आकडा आपल्याकडे महसूल मंडळानुसार लिहिला जातो. एका मंडळात बरीच गावं, गावात काठाची काळी आणि माळावरची बरड, आणि सगळ्यांना आकडा एकच. काठाच्या रानात माती पुरुषभर खोल असते. माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. जुलै बरा गेला आणि ऑगस्टमध्ये तीन आठवडे उघडीप राहिली, तर काठाचं सोयाबीन दुपारी मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा सावरतं. माळावरचं पानं उलटी करून उभं राहतं. पाऊस सारखाच होता, मुळांना मिळालेली जागा सारखी नव्हती. परभणी जिल्ह्यातल्या दुष्काळाबद्दल जे काही लिहायचं, ते मला या फरकापासून लिहावंसं वाटतं.

*

हिशेब मांडून ठेवतो. भारी काळ्या मातीच्या एक मीटर खोलीत पिकाला ओढून घेता येईल असं पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर मावतं. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४,००० लिटर. म्हणजे एकरी ६ ते ८ लाख लिटर साठा. त्याला ना तळं लागतं, ना प्लास्टिकचा कागद, ना मोटार. माळाच्या २५ सेंटिमीटर मातीला तोच दर लावला तर दीड ते दोन लाख लिटर. (खरं तर मुरमाड माती याहून कमी धरते.) पानांनी जमीन झाकून टाकलेलं सोयाबीन कोरड्या, उन्हाच्या ऑगस्टमध्ये दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतं. पहिल्या रानाला महिन्याचा खंड काढता येतो, दुसऱ्याला जेमतेम आठवडा.

ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या बेतात असलेल्या सोयाबीनचं काय होणार, हे पेरणीच्या दिवशीच जमिनीच्या खोलीनं बरंचसं ठरवून टाकलं होतं.

*

काळी माती जवळचं सगळं पाणी देत नाही. तिचे चिकण कण पाण्याला घट्ट धरून ठेवतात, आणि साधारण १५ बारच्या ओढीपलीकडे बहुतेक पिकांची मुळं हरतात. पीक कोमेजलेलं असताना ढेकूळ फोडून पाहिलं तर आत गारवा लागतो. "ओल हाय की अजून," असं आपण म्हणतो. ती ओल मातीची असते, पिकाला तिचा उपयोग उरलेला नसतो.

*

किती पाण्यात किती पीक, हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची रोपं पाण्यात वाढवून, वजनं करून १६९९ मध्ये लिहिलं की झाड जेवढं पाणी घेतं त्यातलं फार थोडं झाडात राहतं, बाकी पानांतून उडून जातं. आपल्याकडे बिहारमधल्या पुसा इथे जे. डब्ल्यू. लेदर यांनी १९१० च्या सुमारास भारतीय पिकांची पाण्याची गरज मोजली. त्याच दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ब्रिग्ज आणि शँट्झ या जोडीनं वर्षानुवर्षं तेच काम केलं. एक किलो कोरडं वजन तयार करायला ज्वारीला सुमारे ३०० किलो पाणी लागलं, मक्याला ३५०, गव्हाला ५००, लसूणघासाला ८५० च्या आसपास. त्यांच्या पत्र्याच्या कुंड्यांत शंभर किलोहून जास्त माती मावत असे. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. एवढ्या मातीत मूळ बरंच मोकळं वाढतं.

ज्वारीचं पाणी स्वस्त का पडतं, याचं उत्तर पानात आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी एका जागी गोळा करून मग वापरायची सोय असते. त्यामुळे पर्णरंध्रं अर्धवट मिटलेली असली तरी त्यांचं काम चालतं. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस यांच्याकडे ती सोय नाही. त्यांना हवा आत घ्यायची तर दार जास्त उघडावं लागतं, आणि दार उघडलं की पाणी बाहेर जातं.

पण ही झाली पानाची गोष्ट. पानावरून रानाचा अंदाज बांधला की चूक होते.

*

कुंडीबद्दल थोडं सविस्तर.

हेंड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कुंडीच्या आकारावरचे ६५ अभ्यास एकत्र करून पाहिले. कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं, असं निघालं. लहान कुंडीत झाड आखडतं ते केवळ पाणी-खत कमी पडतं म्हणून नव्हे. पानाच्या तेवढ्याच क्षेत्रावर अन्न तयार होण्याचा वेगही मंदावतो. मूळ भिंतीला टेकलं की वरच्या पानाला ते कळतं.

आता अशा कुंडीत दुष्काळाचा प्रयोग केला तर काय मोजलं जाईल? पाणी बंद केलं की कुंडीत दुष्काळ चार दिवसांत येतो. रानात तो चार आठवड्यांत येतो, आणि वरून खाली येतो. रानात वरची सहा इंच माती वाळते तेव्हा तिथल्या मुळांत ॲब्सिसिक आम्ल तयार होतं, ते पानापर्यंत जातं, पर्णरंध्रं थोडी मिटतात आणि झाड सावध होतं. त्याच वेळी खालची मुळं अजून ओलीत असतात आणि आणखी खाली सरकत असतात. कुंडीत ही फुरसत नसते. सगळी मुळं एकदमच कोरडी पडतात. शिवाय कुंडीतलं आखडलेलं झाड कमी पाणी पितं, आणि वजन भागिले पाणी केलं की आकडा कधी कधी छान दिसतो. त्या आकड्यावरून "हा वाण दुष्काळात टिकतो" असं कुणी म्हणालं, तर कुंडी केवढी होती हे आधी विचारावं.

हा दोष ओळखून केलेलं काम आपल्यापासून फार लांब झालेलं नाही. परभणीवरून जाणारी रेल्वे सिकंदराबादला पोचते; हैदराबादच्या पलीकडे पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था आहे. तिथे व्हिन्सेंट वाडेझ यांच्या गटानं ज्वारी-बाजरीसाठी २ मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे नळ मातीनं भरून खड्ड्यात उभे केले. एकेका नळात पीक घ्यायचं आणि पूर्ण हंगामभर त्या नळाचं वजन करत राहायचं. झाडानं कधी किती पाणी घेतलं, हे त्यातून आठवड्याआठवड्याला कळतं. बाजरी, भुईमूग, हरभरा या पिकांत त्यांना दिसलं ते असं: हंगामभरात एकूण किती पाणी प्यायलं यापेक्षा दाणा भरताना किती पाणी हाताशी होतं, याच्याशी उत्पन्न जास्त जुळतं.

*

ऑस्ट्रेलियातला एक आकडा कायम जवळ ठेवावा असा आहे. जॉन कर्कगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दिला. फुलोऱ्यानंतर गव्हाच्या मुळांना १.३५ ते १.८५ मीटर खोलीवरचं फक्त साडेदहा मिलिमीटर जास्तीचं पाणी मिळालं, आणि हेक्टरी ६२० किलो धान्य वाढलं. मिलिमीटरमागे ५९ किलो. एरवी गव्हाचं उत्तम पीकही मिलिमीटरमागे २० किलोच्या आसपास थांबतं. खोलवरचं, उशिरा मिळालेलं पाणी तिपटीनं कामाला येतं, कारण तोवर झाडाची बांधणी झालेली असते. त्या पाण्यातून जे तयार होतं ते सरळ दाण्यात जातं.

*

जॉन पासिऊरा यांनी १९७७ मध्ये कोरडवाहू पिकाचं गणित तीन गोष्टींच्या गुणाकारात मांडलं: पिकातून गेलेलं पाणी, त्या पाण्यामागे तयार झालेलं वजन, आणि त्या वजनातला दाण्याचा वाटा. मराठवाड्यात पाण्याच्या कार्यक्षमतेची जी भाषा चालते ती बहुतेक मधल्याच गोष्टीबद्दल असते. मला पहिली आणि तिसरी जास्त मोठी वाटतात. रानात पडलेल्या पावसातला किती भाग पिकातून गेला, आणि किती मातीतून परस्पर वाळला, ओढ्याला गेला, भेगांतून उडाला? आणि जो गेला तो पानं वाढवताना संपला की दाण्यासाठी उरला? या दोन्हींची उत्तरं मुळाला मिळालेल्या जागेत सापडतात. अब्राहम ब्लम यांनी २००९ मध्ये याच अर्थाचं स्पष्ट लिहिलं: पाणी काटकसरीनं वापरणारं झाड शोधू नका, मिळेल ते पाणी मातीतून पुरतं काढून घेणारं शोधा. पर्णरंध्रं मिटून बसलेलं झाड कागदावर फार काटकसरी असतं. ते वाढत मात्र नाही.

*

रब्बी ज्वारी.

या पिकाकडे नीट पाहिलं तर वरचं सगळं आपल्या शेतकऱ्याला आधीपासून माहीत होतं असं दिसतं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायचं. त्यानंतर हस्ताचा एखादा पाऊस झाला तर झाला. पोटरी, निसवणं, फुलोरा, हुरडा, सगळं जमिनीत मुरलेल्या ओलीवर. म्हणून या पिकाच्या वाणांची शिफारस महाराष्ट्रात जमिनीच्या खोलीवर केली जाते, आणि ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. ३० सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, फुले माऊली. ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, परभणी मोती, मालदांडी ३५-१. त्याहून खोल भारी जमिनीला फुले वसुधा, फुले यशोदा, परभणी मोती. हलक्या जमिनीचा वाण लवकर येतो, कारण तिथली ओल लवकर संपते. मालदांडीची निवड सोलापूर जिल्ह्यात मोहोळला झाली. परभणी मोती, परभणी ज्योती आणि लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचे.

वाणाच्या शिफारशीत खोली पहिल्या ओळीत येते, असं दुसरं पीक आपल्याकडे मला चटकन आठवत नाही. सोयाबीनला, कापसाला, तुरीला "मध्यम ते भारी जमीन" एवढ्यावर भागवतात.

*

पेरणीतलं अंतर हाही मुळांच्या जागेचाच प्रश्न आहे. रब्बी ज्वारी ४५ बाय १५ सेंटिमीटरवर ठेवली तर हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटं बसतात. विरळणी केली नाही तर ती कितीतरी जास्त होतात. सोनपेठकडचे एक काका म्हणाले होते, "दाट पेरली की कडबा चांगला होतो बगा. पर कणसात दाणा भरत न्हाई. ओल आधीच पिऊन टाकायलंय ना पीक."

पासिऊरा यांनी १९७२ मध्ये नेमकं हेच गव्हावर दाखवलं होतं. साठलेल्या ओलीवर वाढणाऱ्या गव्हाला बियाण्यातून फुटणारं एकच मूळ ठेवू दिलं, बाकीची काढली. एका मुळातून पाणी हळू चढलं, झाड सुरुवातीला हळू वाढलं, आणि दाणा भरताना त्याच्या वाट्याला पाणी उरलं. धान्य जास्त आलं. पुढे त्यांनी आणि रिचर्ड्स यांनी मुळातली पाणी वाहणारी नळीच अरुंद असलेला गहू पैदाशीतून मिळवला; कोरड्या हंगामात त्याचं उत्पन्न ३ ते ११ टक्क्यांनी जास्त निघालं.

म्हणजे "मुळं जितकी जास्त तितकं चांगलं" हेही सरसकट खरं नाही. पाऊस चालू असतानाच्या पिकाला मुळं लवकर पसरलेली हवीत. साठलेल्या ओलीवरच्या पिकाला वरच्या थरात कमी आणि खाली खोल हवीत. खरीप आणि रब्बी यांना एकच सल्ला लागू पडत नाही.

*

जवसाची जुनी गोष्ट. अल्बर्ट हॉवर्ड पुसाला असताना त्यांना दिसलं की दक्षिणेकडच्या काळ्या मातीतल्या जवसाची मुळं खोल जाणारी आणि विरळ असतात, गंगेच्या गाळातल्या जवसाची वरच्या थरात दाट पसरलेली. एकीकडचं बियाणं दुसरीकडे नेऊन पेरलं तर जमत नाही. तिथल्या मातीनं शेकडो वर्षांत तिथल्या मुळाला आकार दिलेला असतो. १९२४ मध्ये हॉवर्ड इंदूरला आले तेव्हा ते आपल्यासारख्याच काळ्या मातीवर काम करू लागले.

जवस आता आपल्या शिवारात हुडकावं लागतं.

*

करडईसुद्धा. तिचं सोटमूळ दोन मीटरच्या खाली जातं. परभणी कुसुम हा इथलाच वाण. ज्या ओलीपर्यंत हरभरा पोचत नाही ती करडई उचलते. करडईचं क्षेत्र मराठवाड्यात फार घटलं याची कारणं मला समजतात: काटे, काढणीला मजूर नाहीत, बाजारभाव, तयार तेलाचे डबे. तरी खोल जमिनीच्या तळाशी असलेलं पाणी उचलणारं पीक आपण सोडलं आणि उथळ मुळांच्या पिकांकडे गेलो, ही पाण्याचीही हानी आहे. तिचा हिशेब कुणी मांडत नाही.

*

सोयाबीन आणि तूर, चारास दोन ओळी. विद्यापीठाची ही शिफारस मला वरच्या दिसण्यापेक्षा खालून जास्त पटते. सोयाबीनची बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हातात असतात. तूर सुरुवातीला वर हळू वाढते आणि सोटमूळ खाली धाडत राहते. ऑक्टोबरपर्यंत सोयाबीन निघून जातं. मग तुरीला दोन्ही बाजूंची जागा मोकळी होते आणि खालची ओल तिची एकटीची असते. एकाच रानात, एकाच पावसावर, दोन थरांतून दोन पिकं निघतात. ज्या वर्षी ऑगस्टचा खंड सोयाबीनला खातो त्या वर्षी सप्टेंबरचा पाऊस तुरीला सापडतो.

माळावर मात्र हे चालत नाही. तिथे दुसरा थरच नाही. दोन्ही पिकं एकाच वीतभर मातीसाठी भांडतात आणि दोन्ही खुरटतात. बदनापूरच्या बीडीएन ७११ सारखी लवकर येणारी तूर तिथे एकटी लावलेली बरी.

*

कोळपणी. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात. भेगेत हात घातला की कोपरापर्यंत जातो. त्या भेगेच्या दोन्ही भिंतींवरून पाणी उडत असतं, आणि भेग रुंदावताना तिच्या आड येणारी मुळं तुटतात. म्हणजे पाणी जातं आणि पाण्यापर्यंत जायची वाटही जाते. डवरा फिरला की वरचे दोन-तीन इंच मोकळे होतात, भेगेचं तोंड बुजतं. दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी, असं जुनी माणसं म्हणत आली. पावसाच्या खंडात तणनाशकानं तण मरतं, पण भेग उघडीच राहते.

*

जागा वरूनही कमी होते. रोटाव्हेटरनं वरची चार-पाच इंच माती सुरेख भुसभुशीत होते. त्याखाली, जिथे पाती घासत जातात आणि वर ट्रॅक्टरची चाकं दाबत जातात, तिथे कठीण थर तयार होतो. मातीचा कठीणपणा २ मेगापास्कलच्या पुढे गेला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ फार मंदावते. खाली दीड मीटर काळी आहे, ओलही आहे, पण पऱ्हाटी उपटून पाहिली तर सोटमूळ सहा-सात इंचांवर काटकोनात वळलेलं. अशा रानाचा मालक म्हणतो, "भारी जमीन हाय माजी." मुळाच्या दृष्टीनं तो माळच झालेला असतो. चार-पाच वर्षांतून एकदा, उन्हाळ्यात, जमीन पुरती कोरडी असताना खोल नांगर किंवा सबसॉयलर घालावा. ओल्यात घातला तर उलट आणखी दाबली जाते.

*

आणि जागा खालूनही कमी होते. पैठणहून येणाऱ्या जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं पाथरी, मानवत, परभणीच्या शिवाराला पाणी दिलं. त्यातल्या सखल, निचरा नसलेल्या जमिनी चिबड झाल्या, काही चोपण झाल्या. चिबड रानात मुळाला पाणी आहे, हवा नाही. मूळ श्वास घेतं. हवा नसली की पाणी ओढण्याची त्याची ताकदच जाते, आणि पाण्यात उभं असलेलं पीक सुकल्यासारखं दिसतं. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडला जो पाऊस कोसळला त्यानंतर कितीतरी सोयाबीन असंच पिवळं पडलं. अशा पिकाची मुळं वरच राहतात. पुढे पंधरा दिवस ऊन पडलं की तेच पीक पाण्यावाचून मरतं. ओल्या आणि कोरड्या दुष्काळाचं पंचनाम्यात वेगवेगळं नाव असेल, रानात पहिला दुसऱ्याची तयारी करून ठेवतो.

रुंद वरंबा-सरी, म्हणजे बीबीएफ, याचसाठी मला पटते. जास्तीचं पाणी सरीतून जातं, वरंब्यावर मुळांना हवेशीर माती मिळते, खंडात सरीतली ओल कामी येते. हवामान-अनुकूल शेतीच्या पोकरा प्रकल्पातून ही यंत्रं बऱ्याच गावांत आली. बीबीएफनं पेरायचं आणि सरीची तोंडं उताराकडे नीट काढायची नाहीत, तर मात्र वरंबा नावालाच राहतो.

*

पिकाला पाणी किती लागतं, यात वरच्या हवेचाही वाटा असतो. तेवढंच पीक वाढवायला डिसेंबरच्या गार हवेत जितकं पाणी लागतं, त्याच्या कितीतरी पट एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात लागतं. पान तेच, मूळ तेच. उन्हाळी भुईमूग आणि आता बियाण्यासाठी घेतलं जाणारं उन्हाळी सोयाबीन यांना विहिरीतलं पाणी देताना हे लक्षात ठेवावं. त्याच पाण्याचं एक संरक्षित पाणी ज्वारीला पोटरीत मिळालं असतं.

*

नांग्या भरायच्या कपाशीबद्दल. जूनमध्ये पेरणी फसते म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांत कपाशीची रोपं तयार ठेवतात आणि तुटाळीत लावतात. चांगली युक्ती आहे. पण पिशवीत पंधरा-वीस दिवसांच्या वर ठेवलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गोल फिरतं. ते लावलं तरी पुढे नीट खाली जात नाही. पहिल्या महिन्यात रोप जगलेलं दिसतं आणि ऑक्टोबरमध्ये ओळीतलं तेवढंच झाड आधी लाल पडतं. रोप लहान असतानाच लावावं, पिशवी उंच घ्यावी.

*

१९७२. मराठवाडा कृषी विद्यापीठ त्या वर्षी १८ मे रोजी परभणीला स्थापन झालं, आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. (२०१३ पासून विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव आहे; १९७२ मध्ये मुख्यमंत्री तेच होते.) त्या दुष्काळात खडी फोडली गेली, रस्ते झाले, पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली. पाझर तलावाचं कौतुक पुष्कळ झालं, बांधाचं कमी. बांधानं पाणी अडलं हे दिसतं. माती अडली हे दिसत नाही.

एकरावरची एक सेंटिमीटर माती वाहून गेली तर ४० घनमीटर माती गेली. तिच्याबरोबर सुमारे ६,००० लिटर पाणी धरायची जागा गेली, आणि ती जागा प्रत्येक मोठ्या पावसात पुन्हा भरली असती. सेंटिमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. बालाघाटाच्या उतारावरच्या, जिंतूरच्या डोंगरातल्या रानांत उघडा पडलेला मुरूम दिसतो तो पन्नास-शंभर वर्षांपूर्वी तसा नव्हता, हे तिथले म्हातारे सांगतात.

*

उलटा हिशेबही करता येतो. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना २०१७ ला सुरू झाली. तलावातला गाळ माळावर १० सेंटिमीटर पसरायचा तर एकराला सुमारे १४३ ब्रास लागतो. खर्च, डिझेल, ट्रॉल्या, सगळं धरून महाग वाटतं. पण त्यातून ६०,००० लिटरची जागा तयार होते, आणि एका पावसाळ्यात ती चार-पाच वेळा भरते-रिकामी होते. २५ सेंटिमीटरच्या रानात १० सेंटिमीटर म्हणजे मुळांची जागा दीडपटीच्या जवळ. पेरणीनंतरच्या पहिल्या खंडात जे चार-पाच दिवस जास्त मिळतात, त्यात बहुतेक वेळा पुढचा पाऊस येऊन जातो. गाळ चोपण तर नाही ना, एवढं मात्र आधी तपासून घ्यावं. खारवट गाळ आणला तर होतं तेही रान जातं.

*

खंडात पोटॅशियम नायट्रेटची फवारणी, केओलिनची फवारणी. दोन्हींनी पान काही दिवस तग धरतं. खाली ओल असेल तर हे दिवस उपयोगी पडतात. खाली काहीच नसेल तर फवारणीचा खर्च वाया जातो. फवारायच्या आधी रानात एक हातभर खड्डा घ्यावा, मूठभर माती दाबून पाहावी.

*

मृदा आरोग्य पत्रिका. १९ फेब्रुवारी २०१५ ला ही योजना सुरू झाली. पत्रिकेत १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. नमुना वरच्या वीतभर मातीतून घेतात. खताची मात्रा ठरवायला तो पुरेसा आहे. त्यात जमिनीची खोली नाही, कठीण थर किती इंचांवर आहे ते नाही, निचऱ्याबद्दल काही नाही. ज्या जिल्ह्यात दर दोन-तीन वर्षांनी पीक खंडात सापडतं, तिथे शेतकऱ्याच्या हातातल्या एकमेव सरकारी मातीच्या कागदावर मुळाला किती जागा आहे हे लिहिलेलं नाही. खर्च जवळपास नाही. नमुना घ्यायला माणूस रानात जातोच. त्यानं सोबत गिरमिट न्यावं, मुरूम लागेपर्यंत फिरवावं आणि सेंटिमीटर लिहावेत. तेरावी ओळ. तिच्यावरून कुठलं पीक, कुठला वाण, किती ताटं, आंतरपीक घ्यायचं की नाही, हे सगळं ठरवता येतं. पीक विम्याच्या आणि नुकसानीच्या पाहणीतही तिचा उपयोग होईल, कारण एकाच मंडळात दोन वेगळे दुष्काळ पडतात हे मग कागदावर येईल.

*

तोवर ज्यानं त्यानं आपल्या रानात करावं. मे महिन्यात, रान मोकळं असताना, चढाला एक, मध्यावर एक आणि खालच्या बाजूला एक असे तीन खड्डे घ्यावेत. जेसीबी गावात आलेला असेल तर तासाभराचं काम. भिंत खुरप्यानं साफ करावी. गेल्या पिकाची मुळं कुठवर गेली ते दिसतं, कुठे वळली ते दिसतं, काळी कुठे संपून मुरूम कुठे लागतो ते दिसतं. टेप लावून घरातल्या वहीत लिहून ठेवावं, गट नंबरासकट. खरिपात मोठा खंड पडला की त्याच तीन जागांवर गिरमिटानं ओल पाहावी आणि तीही त्याच पानावर लिहावी. मृगाच्या आधी वाण घ्यायला जाताना ते पान खिशात असावं.